किल्लीचा खड्डा

रुग्णालयाच्या तळघरात, एक्स-रेच्या खोलीमागं, जुन्या कागदपत्रांची खोली होती. बावीस लोखंडी रॅक, तीन शिड्या आणि एक बाई. चौदा वर्षांपूर्वी कुणाचं अपेंडिक्स काढलेलं असो, त्याची फाइल ही बाई हातातला चहा निवायच्या आत काढून द्यायची. सगळे तिला रेकॉर्डबाई म्हणायचे, आणि हे नाव कानावर आलं की ती बसल्या जागी इंचभर उंच व्हायची.

अशा बाईच्या वाट्याला नवरा आला तो सोफावाला. सोफे, खुर्च्या उसवून नव्यानं शिवायचा त्याचा धंदा. हातात कला एवढी, की मोडक्या खुर्चीचं रूप बघून मालकाला ती आपलीच आहे हे पटायचं नाही. पण हातातली कात्री एकदा खाली ठेवली की त्या कात्रीचा आणि त्याचा संबंध संपला. महिन्याभरानं गिऱ्हाईक परत यायचं आणि म्हणायचं, "अहो, बसलं की काहीतरी टोचतंय." उसवून बघावं तर आत त्याची टेप, त्याचा खडू, एकदा तर चक्क चष्मा. आपल्याच वस्तू लोकांच्या बुडाखाली शिवून टाकणारा माणूस साऱ्या बाजारात तेवढा एकच होता.

घरी तर विचारूच नका. चष्मा फ्रिजमध्ये, पाकीट चपलांच्या कपाटात, फोन पिठाच्या डब्यात. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण ज्यानं काढली त्यानं याच माणसाला पाहून काढली असावी. लग्नानंतर आठवड्याभरातच सासूबाईंनी सुनेला जवळ बसवून सांगितलं होतं, "वस्तू कुठं ठेवली ते त्याला विचारू नकोस. तेव्हा डोक्यात काय चाललं होतं ते विचार. तिथंच मिळेल." रेकॉर्डबाईनं हे अठरा वर्षं अक्षरशः पाळलं. रोज सकाळी आतून हाक यायची, "अगं, माझी किल्ली!" ती हात पुसायची, सावकाश जायची, दोन प्रश्न विचारायची आणि किल्ली काढून दाखवायची. लगेच द्यायची नाही बरं का. आधी जरा वर धरायची आणि म्हणायची, "मी नसते तर काय झालं असतं हो तुमचं?" तो मान खाली घालून किल्ली घ्यायचा आणि निघायचा.

शेजारणींपुढं ती कुरकुरायची, की माझा जन्म या माणसाच्या वस्तू शोधण्यात गेला. पण खोटं कशाला बोला, त्या कुरकुरीत तिला साखर लागायची. आपल्यावाचून या माणसाचं पान हलत नाही, यापेक्षा मोठं सुख तिनं कधी मागितलंच नव्हतं.

त्या सुखाला दृष्ट लागली ती एका डॉक्टरांच्या दवाखान्यात. सोफावाला तिथल्या प्रतीक्षागृहातल्या खुर्च्या दुरुस्त करायला गेला होता. हे डॉक्टर मनाच्या आजारांचे. आतून येता-जाता ते बघत होते, की या माणसानं तीन खुर्च्या एकदम उघडल्यात, एकही पुरी केलेली नाही, आणि खिशात असलेली कात्री तो तासाभरात पाच वेळा शोधतोय. संध्याकाळी त्यांनी त्याला आत बोलावलं. मग दोन-तीन भेटी झाल्या, प्रश्नांचे कागद भरून झाले, आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी सोफावाल्याला कळलं की त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार. लहानपणापासूनच होतं. त्या दिवशी तो घरी येऊन रडला.

"यात रडण्यासारखं काय आहे?" रेकॉर्डबाई म्हणाली. "तुमचं लक्ष नसतं हे मी अठरा वर्षं सांगतेय."

"तू सांगायचीस," तो डोळे पुसत म्हणाला. "पण माझी चूक नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं."

तिला ते वाक्य लागलं. पण तेवढ्यावर ती गप्प बसली, कारण तेव्हा तिला वाटलं, डॉक्टर गोळ्या देतील, गोळ्या कुठं ठेवल्या ते हा विसरेल, आणि त्या शोधायला आपण आहोतच.

डॉक्टरांकडं दर बुधवारी अशाच माणसांची बैठक असायची. तिथं त्याला एक जोडीदारीण मिळाली. ती शाळेची बस चालवायची. साठ मुलं बिनचूक पोचवणारी, पण स्वतःचा डबा रोज बसच्या टपावर ठेवून निघणारी. बैठकीतला नियम असा, की दोघांनी रोज सकाळी एकमेकांना पाच मिनिटं फोन करायचा आणि वस्तूंची हजेरी घ्यायची. पहिली फेरी संपवून, दुसरीला निघताना बसवाली आठाच्या ठोक्याला फोन करायची. सोफावाला दारापाशी उभा राहून फोन स्पीकरवर टाकायचा.

"दादा, चष्मा?"

"नाकावर."

"पाकीट?"

"हजर. ताई, तुमचा डबा?"

"अगं बाई! टपावर! थांबा, थांबा!"

आणि दोघं हसायचे. रेकॉर्डबाई स्वयंपाकघरात पोळी लाटता लाटता ऐकायची, आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वस्तू हरवली म्हणून हा माणूस हसतो? आपल्यापुढं तर कधी हसला नाही! बरं, भांडावं तर सोयही नाही. तो तिला ताई म्हणणार, ती याला दादा म्हणणार. दोघांत एखादी तरी वाकडी गोष्ट असती तर रेकॉर्डबाईनं पदर खोचून घर डोक्यावर घेतलं असतं. पण नवऱ्याचा चष्मा दुसऱ्या बाईनं विचारला म्हणून कोणत्या तोंडानं भांडायचं? अठरा वर्षं बीळ आपण खणलं आणि आयता नागोबा येऊन बसला, असं ती मनातल्या मनात म्हणायची. आणि बिळातला उंदीर हसतोय, याचा राग वेगळाच.

त्यात ती फळी आली. सोफावाल्यानं एका रविवारी फोमची जाड लादी कापली आणि त्यात एकेका वस्तूच्या आकाराचे खड्डे कोरले. किल्लीचा, चष्म्याचा, पाकिटाचा, फोनचा, टेपचा आणि गोळ्यांच्या डबीचा. वरून हिरवी मखमल ताणून बसवली, मागं लाकडी फळी लावली आणि ती फळी दाराशेजारी ठोकली. वस्तू खड्ड्यात दाबली की घट्ट बसायची. नसली की खड्डा लांबूनच दिसायचा. काम इतकं देखणं झालं होतं की शेजारपाजारचे बघायला आले. वसतिगृहातून लेकीनं फोटो बघून फोन केला, "आई, बाबा काय हुशार आहेत गं! तुझी तर सुटकाच झाली!"

"हो ना," रेकॉर्डबाई म्हणाली. फोन ठेवल्यावर ती फळीपुढं उभी राहिली. सहा खड्डे तिनं दोनदा मोजले. यात आपला कुठला, असा वेडा विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. लाज वाटली, पण मत्सर काही हटला नाही.

वर्षानुवर्षं दुकानाची डुप्लिकेट किल्ली तिच्या पर्समध्ये असायची. तीही त्यानं एक दिवस मागून घेतली. "एक किल्ली, एक जागा. दोन झाल्या की माझा गोंधळ होतो," म्हणाला. आणि ती डुप्लिकेट त्यानं नेऊन ठेवली कुठं, तर दुकानाच्या आतल्या ड्रॉवरमध्ये. हा त्याचा खास शहाणपणा.

एकदा बसवाली घरीही येऊन गेली. पन्नाशीची, पिकल्या केसांची, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, हसली की बसचं इंजिन सुरू झाल्यासारखी. "वहिनी," ती म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं एकटीनं कसं निभावलंत हो? मला तर कुणी नव्हतं." बाई मनापासून बोलली होती. रेकॉर्डबाईला ते कळलंही होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. जाताना बसवाली छत्री विसरली. ती छत्री रेकॉर्डबाईनं आठ दिवस कोपऱ्यात दिसेल अशी ठेवली आणि येता-जाता तिच्याकडं बघून समाधान मानलं. माणूस जळायला लागला की एवढ्याशा गोष्टीवरही जेवतो.

असे चार महिने गेले. चार महिन्यांत एकदाही आतून हाक आली नाही.

मग त्या गुरुवारी पावणेआठ वाजता सोफावाला अंघोळीला गेलेला असताना रेकॉर्डबाई दाराशी आली आणि तिनं फळीतून दुकानाची किल्ली काढली. इतकी घट्ट बसली होती की नखानं उकरावी लागली. पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि पुन्हा पोळपाटापाशी जाऊन उभी राहिली. मनात हिशेब सरळ होता. दहा मिनिटं शोधेल, हाक मारेल, आपण जाऊ, दोन प्रश्न विचारू, आणि किल्ली काढून देऊ. कुणाचं काय जातंय?

आठला फोन वाजला.

"ताई," सोफावाल्याचा आवाज पडलेला होता. "किल्लीचा खड्डा रिकामा आहे."

"घाबरायचं नाही दादा. आधी खाली बसा. बसलात? आता काल संध्याकाळपासून सुरू करू."

तो शर्टाचे खिसे, पिशवी, मोरी, गादीखाली असं एकेक करत शोधत गेला. पलीकडून ती धीर देत राहिली. रेकॉर्डबाई पोळीवर पोळी लाटत होती आणि कान दाराकडं होते. शेवटी तो स्वयंपाकघरात आला. तिचं लाटणं थांबलं. त्यानं ओट्यावर नजर फिरवली, डब्यांच्या मागं हात घालून पाहिलं आणि म्हणाला, "तू नीघ गं, तुला उशीर होईल. मिळेल मला."

मिळेल मला! म्हणजे अजूनही हाक मारायची नाही! तिच्या डोक्यात सणक गेली. तिनं पर्स खांद्याला लावली आणि किल्लीसकट कामाला निघून गेली.

तळघरात पोचल्यावर सणक उतरली आणि आपण काय केलं ते तिला दिसलं. तरी ती मनाला समजावत राहिली, की आता फोन येईल. नऊ वाजले, दहा वाजले. एका नर्सनं फाइल मागितली, तर हिनं भलत्याच माणसाची काढून दिली. नर्स हसली, "आज तुम्हीपण चुकलात?" रेकॉर्डबाई हसली नाही. आपण फोन करावा तर काय सांगावं? एक वाजता तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुकान गाठलं.

शटर बंद होतं. शेजारचा काचवाला म्हणाला, "सकाळी येऊन नुसताच पायरीवर बसला होता. म्हटलं कुलूप तोडू या, दहा मिनिटांचं काम. तर म्हणाला, कुलूप तुटेल हो, पण किल्ली मी कुठं टाकली ते कसं कळणार? मग एकदम उठला. खुर्चीत शिवली असणार, म्हणाला, आणि गेला मुख्याध्यापिकाबाईंकडं."

रेकॉर्डबाई तशीच रिक्षात बसली. त्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची मोठी हाताची खुर्ची त्यानं तीन आठवडे खपून केली होती. पाठीला खोल ओढून बसवलेली चोवीस बटणं, एकही सुरकुती नाही. काल संध्याकाळी दुकान बंद करून तो ती पोचवायला गेला होता. दार अरुंद म्हणून पाठ वेगळी नेली आणि तिथंच बसून शिवली. रात्री घरी आल्यावर तो चार महिन्यांत दिसला नव्हता इतका खुशीत होता.

ती मुख्याध्यापिकाबाईंच्या घरात शिरली तेव्हा सोफावाला फरशीवर मांडी घालून बसला होता. खुर्चीची पाठ पुरती उसवलेली. काथ्याचा एक ढीग, कापसाचा एक ढीग, आणि चोवीस बटणं कागदावर ओळीनं मांडलेली. स्टुलावर बसलेल्या मुख्याध्यापिकाबाई वर्तमानपत्राच्या वरून हे सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मी नको म्हणाले होते. खुर्ची माझी आहे, पण ऐकतो कोण?"

त्यानं वर पाहिलं. डोळे लाल झाले होते. "पाठीत नाही," तो म्हणाला. "म्हणजे हातात असणार." आणि त्यानं खुर्चीच्या डाव्या हाताच्या शिवणीला पातं लावलं.

"थांबा!" ती ओरडली. "मला बघू द्या."

ती त्याच्या शेजारी बसली. पर्समधून मुठीत घेतलेली किल्ली तिनं तशीच कापसाच्या ढिगात घातली, थोडं इकडंतिकडं चाचपल्यासारखं केलं, आणि बाहेर काढली. "ही काय."

चार महिने ती या क्षणाची वाट बघत होती. तो आता पूर्वीसारखी मान खाली घालेल, किल्ली घेईल. त्यानं किल्ली घेतली, तिच्यावरचा कापूस काढला, आणि ती उलटसुलट करून बघितली.

"मला आठवत होतं गं," तो हळू आवाजात म्हणाला. "रात्री घरी आलो, चप्पल काढली, किल्ली खड्ड्यात ठेवली. दाबून बघितली. अगदी डोळ्यांपुढं दिसतंय. आणि ते खरंच नव्हतं. विसरतो ते एक वेळ ठीक. पण आठवतं तेही खोटं निघालं तर मी कशाच्या जोरावर चालायचं?"

ती मांडीवरचा कापूस झटकत राहिली.

"ही तूच ठेव," त्यानं किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. "सकाळी तू द्यायची, संध्याकाळी तू घ्यायची. फळी काढून टाकतो. ताईंनाही सांगतो, उद्यापासून फोन नको. त्यांचा वेळ कशाला घालवायचा?"

घ्या! जे जे हवं होतं ते सगळं एका दमात ओंजळीत पडलं. बसवाली गेली, फळी गेली, किल्ली हातात आली. एवढंच करायचं होतं, की गप्प बसायचं. आणि रेकॉर्डबाई गप्प बसलीही, निदान दहा-बारा श्वास तरी. शेजारी तो एकेक बटण उचलून डबीत टाकत होता. टाकताना प्रत्येक बटण दोनदा बघत होता, जणू तेही खरं आहे की नाही याची त्याला खात्री नव्हती.

"ती आत नव्हती," ती म्हणाली.

"काय?"

"किल्ली. कापसात नव्हती. माझ्या मुठीत होती. सकाळी तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा फळीतून मी काढली."

मुख्याध्यापिकाबाईंनी वर्तमानपत्र खाली केलं.

सोफावाला तिच्याकडं बघत राहिला. आता हा ओरडणार, असं समजून तिनं अंग चोरलं. पण त्यानं विचारलं ते भलतंच.

"म्हणजे खड्ड्यात होती?"

"हो."

"मीच ठेवली होती?"

"तुम्हीच."

"दाबून?"

"हो हो, दाबून! नख तुटलं माझं काढताना!"

त्याचं तोंड उजळलं. तो उठला, काथ्यात पाय अडकून धडपडला, खिशातून फोन काढला आणि खिडकीपाशी गेला. "ताई! ताई, होती! खड्ड्यातच होती! मला आठवत होतं ते खरं होतं! नाही हो, गेली कशी ते सोडा, मी नाही हरवली! मी नाही हरवली, ताई!" पलीकडून ते इंजिन सुरू झाल्यासारखं हसू खोलीभर ऐकू आलं, आणि तोही हसायला लागला, डोळे पुसत पुसत.

कापसात बसलेली रेकॉर्डबाई ते बघत होती. गुन्हा तिचा, कबुली तिची, आणि तरीसुद्धा तिच्या काळजाला तोच जुना चटका बसला. एवढ्या वर्षांत हा माणूस इतका आनंदलेला तिनं पाहिला नव्हता, आणि तो आनंद सांगायला तो तिला ओलांडून खिडकीशी गेला होता.

फोन ठेवून तो वळला. हसू हळूहळू उतरत गेलं. तो येऊन तिच्यासमोर बसला.

"का गं?"

"तुम्ही मला हाक मारत नाही आता," ती म्हणाली आणि तिला रडू आलं. "ती विचारते, तुम्ही सांगता. मी आत उभी राहून ऐकते. जळते मी. तिच्यावर जळते, त्या फळीवरसुद्धा जळते."

मग त्यानं काथ्याची एक मूठ उचलली आणि पिंजायला सुरुवात केली.

"मी हाक मारायचो ना," तो म्हणाला, "तेव्हा दर वेळी आधी थोडा वेळ तसाच उभा राहायचो. म्हणायचो, आज नको, आज आपलं आपण शोधू. मग नाही सापडायचं. मग मारायचो हाक. आणि तू किल्ली वर धरून ते विचारायचीस, तेव्हा मला खाली बघण्याशिवाय काही सुचायचं नाही. तुला वाटायचं, मला बरं वाटतंय?"

तिला तसंच वाटायचं. अठरा वर्षं, रोज सकाळी.

"भांडण घरी," मुख्याध्यापिकाबाई स्टुलावरून म्हणाल्या. "आधी माझी खुर्ची."

सोफावाल्यानं हात पुढं केला. तिनं किल्ली दिली. ती शर्टाच्या खिशात टाकून त्यानं खिशाचं बटण लावलं आणि पुन्हा कामाला लागला. ती उठून जाऊ शकली असती, पण गेली नाही. कापसाचा ढीग तिनं मांडीवर ओढला आणि तो कसा पिंजतो ते बघून तसाच पिंजायला लागली. तिला ते नीट जमत नव्हतं. त्यानं दोनदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा तिच्या हातातला गोळा घेऊन स्वतः सोडवून दिला.